सिमेंटने बसवलेला खुब्याचा सांधा : परवानगीआधी काय तपासतात आणि काय तपासायचे राहून जाते?

चाचणीगृह (धागाकर्ता)

वृद्ध आईवडिलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेविषयी येथे अलीकडे जी चर्चा झाली, तिच्यात ‘सांधा अमेरिकेच्या एफडीएने (तेथील औषधे आणि वैद्यकीय साधनांच्या नियामक संस्थेने) मान्य केलेला आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही’ असे बऱ्याच जणांनी लिहिले होते. इम्प्लांटच्या, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम भागांच्या, यांत्रिक चाचण्या घेणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे त्या मान्यतेमागे नेमके काय असते हे सविस्तर मांडावेसे वाटले. माझे म्हणणे आधीच सांगतो. परवानगी आवश्यकच आहे, पण ती सांधा विकण्याची परवानगी असते. तो शरीरात पंधरा-वीस वर्षे टिकतो याचा पुरावा, ज्यांना तो बसवला त्या रुग्णांच्या नोंदींतूनच मिळतो, आणि अशी नोंद ठेवण्याची देशव्यापी सक्ती आपल्याकडे अजून झालेली नाही.

या सांध्यात मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा, म्हणजे स्टेम, बसतो. त्याच्या टोकावरचा गोळा कमरेच्या हाडात बसवलेल्या पॉलिथिलीनच्या वाटीत फिरतो. स्टेम आणि हाड यांच्यामध्ये बोन सिमेंटचा काही मिलिमीटरांचा थर असतो. हे सिमेंट म्हणजे पीएमएमए नावाचे ॲक्रिलिक. भुकटी आणि द्रव ऑपरेशन थिएटरमध्येच कालवतात, काही मिनिटांत ते घट्ट होते आणि होताना तापते. ते हाडाला चिकटत नाही, दाबाने हाडाच्या जाळीत शिरून तेथे अडकून बसते. त्यामुळे धातू, वाटी आणि सिमेंट या तिघांची स्वतंत्र परीक्षा होते, पण खरा प्रश्न या तिघांच्या एकमेकांशी होणाऱ्या व्यवहाराचा असतो.

आमच्याकडे स्टेम आला की आयएसओ ७२०६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो साच्यात उभा करून त्याचा फक्त खालचा भाग ओतकामाने पक्का करतात; हे ओतकाम गोळ्याच्या केंद्राच्या ८० मिलिमीटर खाली थांबते. वरचा भाग मुद्दाम मोकळा ठेवतात, कारण वरचा आधार सुटला आणि खालचा घट्ट राहिला ही स्टेमच्या दृष्टीने सर्वांत वाईट अवस्था असते. स्टेम एका दिशेने १० अंश आणि दुसऱ्या दिशेने ९ अंश कललेला असतो, म्हणजे चालताना येणारा बाक आणि पीळ दोन्ही त्यावर पडतात. मग ३०० ते २,३०० न्यूटन असा भार ५० लाख वेळा दिला जातो. सेकंदाला दहा वेळा या वेगाने यंत्र रात्रंदिवस चालवले तरी जवळपास सहा दिवस लागतात. माणूस वर्षभरात एका पायावर साधारण दहा लाख पावले टाकतो असे धरतात, तेव्हा ही सुमारे पाच वर्षांची चाल झाली. स्टेमच्या मानेसाठी ७२०६-६ हे वेगळे मानक आहे. तेथे भार ५,३४० न्यूटनपर्यंत जातो आणि आवर्तने एक कोटी होतात.

वाटीच्या झिजेची परीक्षा याहून संथ असते. आयएसओ १४२४२-१ प्रमाणे गोळा आणि वाटी वासराच्या रक्तद्रवात ३७ अंश सेल्सियसला बुडवून, सेकंदाला एक पाऊल या वेगाने, ५० लाख पावले चालवायची. ठरावीक टप्प्यांवर यंत्र थांबवून वाटी काढायची, धुवायची, वाळवायची आणि वजन करायचे. पॉलिथिलीन द्रव शोषून जड होते, म्हणून भार दिलेली पण न फिरवलेली आणखी एक वाटी शेजारी ठेवतात आणि तिचे वाढलेले वजन हिशेबात धरतात. असे दोन-अडीच महिने जातात.

सिमेंटसाठी आयएसओ ५८३३ आहे. घट्ट झालेल्या सिमेंटने दाबाखाली किमान ७० आणि बाकात किमान ५० मेगापास्कल ताण सोसला पाहिजे, आणि घट्ट होताना तापमान ९० अंशांच्या वर जाता कामा नये. मानक उपयुक्त आहे, पण दाबाचा नमुना म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाची आणि १२ मिलिमीटर उंचीची लहानशी कांडी, जी २३ अंशांच्या कोरड्या खोलीत २४ तास ठेवून मग दाबली जाते. शरीरात तेच सिमेंट ३७ अंशांना, ओलाव्यात, वर्षानुवर्षे, लाखो वेळा ताणले जाते. वारंवार भाराने येणारा थकवा ५८३३ मध्ये तपासलाच जात नाही, त्यासाठी निराळी मानके आहेत.

आता परवानगीविषयी. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानंतर जी व्यवस्था आली, तिच्यात धातू आणि पॉलिथिलीनचा सिमेंटेड सांधा जोखमीच्या दुसऱ्या वर्गात मोडतो आणि बहुतेक वेळा ५१०(के) या मार्गाने बाजारात येतो. त्या मार्गात उत्पादकाने आपला सांधा आधीच्या एखाद्या सांध्याशी ‘सारतः समतुल्य’ असल्याचे दाखवायचे असते. बाकाच्या, झिजेच्या, जैविक सुसंगतीच्या चाचण्या द्याव्या लागतात, पण रुग्णांवरचा अभ्यास सहसा मागितला जात नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ च्या अहवालात स्पष्ट म्हटले होते की ही पद्धत सुरक्षितता आणि परिणामकारकता तपासण्यासाठी आखलेलीच नाही. युरोपने २००५ च्या निर्देशाने खुबा, गुडघा आणि खांद्याचे सांधे सर्वांत कडक अशा तिसऱ्या वर्गात नेले, आणि २०२१ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत क्लिनिकल, म्हणजे रुग्णांवरच्या वापरातून मिळालेल्या, पुराव्याची अपेक्षा आणखी वाढवली.

भारतात ऑक्टोबर २००५ मध्ये काही साधने ‘औषध’ म्हणून अधिसूचित झाली. त्यांत अस्थिरोग इम्प्लांट होते आणि बोन सिमेंटचा उल्लेख वेगळा होता, हे मला आजही महत्त्वाचे वाटते. १ जानेवारी २०१८ पासून मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ लागू आहेत. त्यांत खुब्याचा सांधा ‘क’ वर्गात, म्हणजे इंग्रजी ‘सी’ वर्गात, येतो आणि परवाना राज्याकडून नव्हे तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेकडून मिळतो. येथेही आधी मान्य झालेले तत्सम साधन दाखवता आले की नव्याने क्लिनिकल तपासणी सहसा लागत नाही.

निशिगंध

फार उपयुक्त लेख. माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. घरात पडल्यामुळे त्यांच्या मांडीच्या हाडाची मान मोडली आहे आणि सर्जननी सिमेंट वापरून अर्धा सांधा (वाटी न बसवता फक्त स्टेम आणि गोळा) बसवायचे सुचवले आहे. आमच्यासमोर दोन पर्याय ठेवले आहेत : एक आयात केलेला स्टेम आणि दुसरा त्याच रचनेचा भारतीय स्टेम, ज्याची किंमत बरीच कमी आहे. दोन्हींना परवाना आहे. रचना तीच आणि परवानाही तोच असेल, तर फरक नेमका कशात पडतो?

चाचणीगृह

निशिगंध, तुमच्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर ब्रिटनमध्ये घडलेल्या एका प्रकरणात आहे. १९९१ मध्ये तेथे थ्रीएम कंपनीने ‘कॅपिटल’ नावाचा सिमेंटेड सांधा आणला. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात सर्जन जॉन चार्नली यांनी विकसित केलेल्या आणि दीर्घकाळ टिकलेल्या सांध्याच्या धर्तीवर तो घडवलेला होता आणि किमतीने स्वस्त होता. चार्नलींचा स्टेम पोलादाचा, तर ‘कॅपिटल’च्या एका प्रकारात टायटॅनियमचे मिश्रधातू वापरले होते. टायटॅनियम हाडाला मानवते आणि सिमेंटविना बसणाऱ्या स्टेममध्ये ते उत्तम ठरलेले आहे. पण सिमेंटच्या आवरणात ते पोलादापेक्षा अधिक लवते, सिमेंटवर घासले जाते, आणि त्या अरुंद फटीत त्याचे क्षरणही, म्हणजे गंजल्यासारखी झीजही, होऊ शकते. सुमारे ४,७०० रुग्णांना हा सांधा बसवला गेला. अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर स्टेम सैल होऊ लागले, १९९७ मध्ये विक्री थांबली आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये तेथील नियामकाने धोक्याची सूचना काढली. राष्ट्रीय नोंदवही नसल्यामुळे प्रत्येक रुग्णालयाला आपापल्या कागदांतून रुग्ण शोधून बोलवावे लागले.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते, कारण तेथे नक्कल नव्हती, मूळ निर्माते तेच होते. एक्सेटरमध्ये रॉबिन लिंग आणि क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये आरशासारखा चकचकीत, निमुळता स्टेम आणला. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, केला गेला. पृष्ठभागाची खडबडी जेमतेम एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) घरात गेली, म्हणजे डोळ्याला फक्त चमक कमी झालेली दिसावी इतकाच बदल. पण चकचकीत स्टेम भाराखाली सिमेंटमध्ये किंचित खाली सरकतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो, मॅट स्टेमला तसे सरकता येत नाही. तो हलला की सिमेंट खरवडले जाते, भुकटी सुटते आणि तिच्यामुळे हाड झिजते. सैल होण्याचे प्रमाण वाढलेले स्पष्ट दिसल्यावर १९८६ मध्ये चकचकीत पृष्ठभाग परत आणला गेला. ७२०६-४ ची चाचणी स्टेम मोडतो का एवढेच विचारते, त्यामुळे मॅट आणि चकचकीत दोन्ही स्टेम तिच्यात सारखेच उत्तीर्ण होऊ शकतात.

म्हणून भारतीय स्टेम वाईट असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे काही ठिकाणी अत्यंत काळजीपूर्वक उत्पादन होते हे मी स्वतः पाहतो. मात्र मूळ स्टेमची वीस वर्षांची आकडेवारी ही त्या मूळ स्टेमची असते. रचना घेतल्याने ती आकडेवारी सोबत येत नाही. धातू कोणता, पृष्ठभाग कसा, मापांत किती फरक चालवून घेतात, आणि या स्टेमचे रुग्ण कोणी किती वर्षे पाहिले, हे सर्जनना विचारा. ते या प्रश्नांचे स्वागतच करतील.

यॉर्कशायरवासी

मी येथे एका रुग्णालयात सांधेबदलाच्या नोंदी राष्ट्रीय रजिस्ट्रीकडे, म्हणजे नोंदवहीकडे, पाठवण्याचे काम पाहते. ‘कॅपिटल’ प्रकरणातून येथे बरेच काही उभे राहिले. २००० मध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या येथील संस्थेने दहा वर्षांत दहा टक्क्यांपेक्षा कमी सांधे बदलावे लागतील असेच सांधे वापरण्याचा मापदंड घालून दिला, जो २०१४ मध्ये पाच टक्क्यांवर आणला. २००२ मध्ये ओडेप हे मूल्यांकन मंडळ सुरू झाले. ते प्रत्येक सांध्याला ‘१०ए’, ‘१५ए’ अशी श्रेणी देते, तिच्यातला आकडा पुरावा किती वर्षांचा आहे ते सांगतो आणि अक्षर त्या पुराव्याची प्रत सांगते. २००३ मध्ये इंग्लंड आणि वेल्सची राष्ट्रीय रजिस्ट्री सुरू झाली. स्वीडनची १९७९ पासून आणि नॉर्वेची १९८७ पासून आहे.

सिमेंटविषयी धागाकर्त्यांनी जे लिहिले त्याला नॉर्वेचे उदाहरण जोडते. ‘बोनलॉक’ नावाचे सिमेंट १९९१ मध्ये आले. घट्ट होताना ते कमी तापे आणि त्यातून मोनोमर (न घट्ट झालेला द्रव घटक) कमी झिरपे, म्हणजे कागदावर ते जुन्या सिमेंटपेक्षा अधिक सुरक्षित होते. परंतु ते तुलनेने मऊ आणि कमजोर निघाले. नॉर्वेच्या रजिस्ट्रीत सिमेंटचे नाव स्टेमइतक्याच काळजीने नोंदवले जात होते, त्यामुळे तेच चार्नली आणि एक्सेटर स्टेम इतर सिमेंटमध्ये टिकतात आणि ‘बोनलॉक’मध्ये सैल होतात हे काही वर्षांतच उघड झाले. १९९५ मध्ये ते सिमेंट मागे घेतले गेले. नोंदीत फक्त स्टेम असता, तर दोष चांगल्या स्टेमवर गेला असता.

अगदी अलीकडचेही सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने झिमर बायोमेटच्या ‘सीपीटी’ या चकचकीत, निमुळत्या, कोबाल्ट-क्रोमच्या स्टेमविषयी इशारा दिला, कारण तशाच इतर स्टेमच्या तुलनेत त्याच्याभोवती मांडीचे हाड मोडण्याचा धोका अधिक दिसला. कंपनीने वर्षअखेरपर्यंत तो टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले होते. हा स्टेम अनेक वर्षे वापरात होता आणि प्रयोगशाळेत अनुत्तीर्ण झालेला नव्हता. हजारो रुग्णांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यावरच असा फरक दिसतो.

भूलतज्ज्ञ_नाशिक

चर्चा सांध्याच्या टिकाऊपणावर चालली आहे, पण निशिगंध यांच्या सासूबाईंच्या वयात पहिला प्रश्न टेबलावरच्या सुरक्षिततेचा असतो, म्हणून लिहीत आहे. सिमेंट दाबाने भरताना हाडातली मज्जा आणि चरबी रक्तात ढकलली जाऊन फुप्फुसांकडे जाऊ शकते. त्यामुळे काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी उतरतो, प्राणवायू कमी होतो, आणि क्वचित हृदय थांबते. हे प्रयोगशाळेतल्या कोणत्याही मानकात येत नाही, कारण हा दोष मालाचा नसून प्रक्रियेचा आणि रुग्णाच्या प्रकृतीचा आहे. ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने २००९ मध्ये याविषयी खास सूचना काढली होती. पोकळी धुऊन कोरडी करणे, सिमेंट गनने खालून वर भरणे, भरण्याआधी सर्जनने मोठ्याने सांगणे आणि त्या क्षणी आमचे पूर्ण लक्ष रक्तदाबावर असणे, एवढ्या शिस्तीने धोका बराच कमी होतो.

याचा अर्थ सिमेंट टाळावे असा मात्र नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या, साठ वर्षांवरच्या १,२२५ रुग्णांना सिमेंटसह किंवा सिमेंटविना अर्धा सांधा बसवला गेला. चार महिन्यांनी सिमेंटच्या गटाचे जीवनमान चांगले होते, आणि सांध्याभोवती हाड मोडण्याचे प्रमाण ०.५ टक्के विरुद्ध २.१ टक्के असे होते. ठिसूळ हाडात सिमेंटच अधिक विश्वासार्ह ठरते. सासूबाईंना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा काही त्रास असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सविस्तर सांगा.

मिरजकर_अभियंता

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. प्रत्येक नव्या स्टेमने आधी दहा वर्षांचा पुरावा आणावा असे म्हटले, तर नवा स्टेम कधीच येणार नाही, कारण वापरल्याशिवाय पुरावा मिळत नाही आणि पुराव्याशिवाय वापरता येणार नाही. चार्नलींनीही प्रयोगच केले होते. शिवाय चाचण्यांचा खर्च अखेरीस रुग्णाच्याच बिलात येतो. सरकारने २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, खुब्यावर ती नाही, हेही लक्षात घ्यावे.

चाचणीगृह

मिरजकर, हा आक्षेप योग्य आहे आणि चार्नलींचेच उदाहरण घेऊन उत्तर देतो. त्यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या सुमारे तीनशे रुग्णांना बसवल्या. टेफ्लॉन अतिशय निसरडे, म्हणून ते आदर्श वाटले होते, पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि त्या भुकटीने आजूबाजूच्या ऊतींची मोठी हानी केली. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे काम त्यांनी स्वतः अंगावर घेतले. १९६२ मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिथिलीनचा तुकडा झिजेच्या यंत्रावर लावला, आणि टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे तितके हे तीन आठवड्यांतही झिजले नाही. प्रयोगशाळेची खरी किंमत येथे दिसते : वाईट पर्याय ती रुग्णापर्यंत पोचू देत नाही. टेफ्लॉनच्या वेळी ते यंत्र आधी चालवले असते, तर तीनशे जणांचा त्रास वाचला असता.

त्यापुढच्या टप्प्यासाठीही मार्ग आहे. ब्रिटनमध्ये ‘बियॉन्ड कम्प्लायन्स’ या योजनेत नवा सांधा आधी मोजक्या सर्जनांनी, मोजक्या रुग्णांना, प्रत्येकाची नोंद ठेवून बसवायचा, आणि आकडे समाधानकारक असतील तसतसा वापर वाढवायचा. यात नवे काही अडत नाही, फक्त हजारो जणांना एकदम बसवले जात नाही.

उत्पादनातल्या बदलाचाही विचार व्हावा. फ्रान्सच्या सेंट-गोबेन देमार्के कंपनीचे झिर्कोनिया या सिरॅमिकचे गोळे अनेक सांधे-उत्पादक वापरत होते. १९९८ मध्ये त्यांनी भाजण्याची भट्टी बदलली. रचना तीच, पदार्थ तोच, पण काही खेपांतले गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि ऑगस्ट २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. त्यामुळे माझ्या कामात ‘प्रक्रियेत बदल झाला का’ हा प्रश्न मी ‘रचनेत बदल झाला का’ इतक्याच गांभीर्याने विचारतो.

विधिज्ञ_ठाणे

महाराष्ट्राचा संबंध येथे थेट येतो. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्याचा पूर्ण सांध्याचा प्रकार सिमेंटविना बसे, पण अमेरिकेत तो ५१०(के) मार्गानेच आला होता, म्हणून प्रश्न हाच आहे. भारतात कारवाईची सुरुवात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने केली आणि माहीम पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. पुढे २०१७ मध्ये केंद्राने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि नंतर भरपाईचे सूत्र ठरले. भारतातल्या शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ४,७०० होती. योगायोगाने ‘कॅपिटल’च्या रुग्णांइतकीच. मात्र यांतल्या बहुसंख्य रुग्णांचा शोधच लागला नाही. सूत्र ठरले तरी ज्याच्या हाती कागद नाही त्याला भरपाई मिळणार कशी?

आता नियमांनुसार परवानाधारकाने अनपेक्षित गंभीर घटना पंधरा दिवसांत कळवायची असते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा, कार्यक्रमही चालतो. तक्रार रुग्ण किंवा नातेवाईकही नोंदवू शकतात. हिप आणि नी सर्जनांच्या संघटनेची रजिस्ट्री आहे, पण ती ऐच्छिक आहे. खुब्याच्या प्रत्येक सांध्याची नोंद परवान्याचीच अट केली जावी, अशी माझी मागणी आहे.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. आज सर्जनशी बोललो. त्यांनी दोन्ही स्टेमची माहितीपत्रके दाखवली, आणि भारतीय स्टेम त्यांनी स्वतः किती वर्षे वापरला आहे तेही मोकळेपणाने सांगितले. शस्त्रक्रिया परवा आहे. कागदपत्रांत नेमके काय मागायचे?

चाचणीगृह

प्रत्येक भागाच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर उत्पादकाचे नाव, ‘रेफ’ म्हणजे कॅटलॉग क्रमांक, ‘लॉट’ क्रमांक आणि निर्जंतुकीकरणाची मुदत छापलेली असते. त्यांतली एक पट्टी शस्त्रक्रियेच्या नोंदीत लावतात. दुसरी तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लावून मागा, आणि तिचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा, कारण काही छापील पट्ट्यांची शाई कालांतराने पुसट होते. सासूबाईंना अर्धा सांधा बसणार असल्याने वाटी नसेल, पण स्टेम आणि गोळा यांच्या दोन वेगळ्या पट्ट्या असू शकतात. सिमेंटचे खोके वेगळे असते आणि त्याची पट्टी हमखास मागे राहते, म्हणून ती आधीच थिएटरच्या सिस्टरना सांगून ठेवा. सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळलेले असेल तर त्याचे नावही लिहून घ्या, आणि सासूबाईंना कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती शस्त्रक्रियेआधीच कळवा.